खिशातलं लोखंड

शाळेच्या दिवसांतलं छोटं होकायंत्र बऱ्याच घरांत कुठल्यातरी खणात पडलेलं असतं. सापडलं तर आज ते टेबलावर ठेवा. सुई थोडी डुलेल, मग स्थिर होईल आणि उत्तर-दक्षिण धरून राहील. आता शिवणाची कात्री तिच्या अगदी शेजारी आणा. सुई कात्रीकडे वळेल. कात्री हळूहळू लांब न्या, सुई परत आपल्या जागी येईल. मोबाइल जवळ आणलात तर ती आणखी जोरात हलेल, कारण त्याच्या स्पीकरमध्ये लहानसा पण चांगला जोरदार चुंबक असतो. चहा उकळेपर्यंत होणारा हा प्रयोग आहे. सुई वळली म्हणजे ती बिघडली असं नाही आणि उत्तर दिशाही जागची हलत नाही. सुईच्या जवळ काहीतरी आलेलं असतं, एवढंच.

सुईला उत्तरेकडे धरून ठेवणारी शक्ती येते कुठून? विल्यम गिल्बर्ट या इंग्लंडच्या डॉक्टरांनी १६०० साली एक ग्रंथ लिहून सांगितलं, की पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे. त्यांनी चुंबकदगडाचा गोळा घडवला आणि त्यावर ठिकठिकाणी बारीक सुया ठेवून पाहिल्या. पृथ्वीच्या पाठीवर होकायंत्रं जशी वागतात, तशाच त्या सुया वागल्या. आज आपल्याला त्यापुढचंही ठाऊक आहे. आपल्या पायांखाली सुमारे २९०० किलोमीटर खोल वितळलेलं लोखंड आहे. ते सतत हलतं, वाहतं. त्या वाहण्यातून विजेचे प्रवाह तयार होतात आणि त्या प्रवाहांतून चुंबकत्व. तिथली उष्णता एवढी आहे, की साधा चुंबक तिथे टिकणारच नाही. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की त्याचं चुंबकपण निघून जातं, आणि पृथ्वीच्या पोटात तर याहून कितीतरी जास्त तापमान आहे. म्हणजे पृथ्वीला हे चुंबकत्व कधीकाळी एकदाच मिळालं आणि तिने ते जपून ठेवलं, असं नाही. त्या वाहत्या लोखंडातून ते रोज नव्याने तयार होतं.

ही शक्ती सगळीकडे पोचते, पण फार हलक्या हाताने. आपल्या कोकणपट्टीत तिचं माप साधारण ४० हजार नॅनोटेस्ला भरतं. आकडा मोठा दिसतो, पण नॅनोटेस्ला हे मापच अतिशय बारीक आहे. फ्रिजच्या दारावर वाणसामानाची यादी धरून ठेवणारा चुंबक अगदी जवळून मोजला, तर पृथ्वीपेक्षा शंभरपट जोरदार निघतो. मात्र त्याचा अंमल दोन-चार बोटांपुरता. पृथ्वीचा अंमल घराच्या या कोपऱ्यात जेवढा, तेवढाच त्या कोपऱ्यात. पावसात, उन्हात, बंद खोलीत, समुद्राच्या मध्यभागी, तो कुठेही थांबत नाही.

कात्री तर चुंबकही नसते. तरी सुई तिच्याकडे का वळते? लोखंडाच्या आत अगदी सूक्ष्म भाग असतात आणि प्रत्येक भाग म्हणजे एक लहानसा चुंबक असतो. त्यांची तोंडं चहूकडे असल्यामुळे ते एकमेकांचा जोर खाऊन टाकतात आणि बाहेरून लोखंड निर्गुण दिसतं. चुंबक जवळ आला की त्यातले काही भाग एका दिशेला जुळतात आणि लोखंडही तेवढ्यापुरतं चुंबक होतं. चुंबक दूर गेला की बरेचसे भाग पुन्हा विस्कटतात. (घरातलं सगळंच स्टील असं वागत नाही. इंडक्शन शेगडीसाठी भांडं घेताना दुकानात त्याच्या बुडाला चुंबक लावून बघतात, ते याचसाठी.) तेव्हा लोखंडाला दोष द्यावा असं यात काही नाही. सुईजवळ आल्यावर ते आपल्या स्वभावाप्रमाणे वागतं. सुईही आपल्या स्वभावाप्रमाणेच वागते. तिच्यापर्यंत जे जे पोचतं, त्या सगळ्यांची बेरीज करून ती उभी राहते. त्या बेरजेत जवळच्या लहान वस्तूचा वाटा कधीकधी पृथ्वीपेक्षा मोठा ठरतो.

ही गोष्ट ज्यांनी फार मनावर घेतली, त्या माणसांविषयी मला मोठा आदर वाटतो. जर्मनीत गॉटिंगेनला गणितज्ञ गाउस यांनी १८३३ मध्ये पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्यासाठी एक लहानशी वास्तू बांधून घेतली. तिच्यात कुठेही लोखंड येऊ दिलं नाही. त्यानंतर जगभर अशा वेधशाळा उभ्या राहू लागल्या. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ मध्ये चुंबकीय मोजमाप सुरू झालं आणि १८४६ पासून ते नियमित होऊ लागलं. रोज मोजावं असं तिथे काय होतं, असा प्रश्न कुणालाही पडेल. तर उत्तर-दक्षिण उभी राहणारी ती सुई अगदी स्थिर कधीच नसते. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजींनी १७२२ च्या सुमारास तासन् तास सुईकडे पाहून हे टिपलं होतं. सूर्य वर आला की शंभर-एक किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि खाली जमिनीवरची सुई किंचित सरकते. दिवस कलला की परत येते. एका अंशाचे साठ भाग केले, तर त्यातल्या काही भागांएवढी ही हालचाल. उघड्या डोळ्यांना ती सहज दिसायची नाही. म्हणून सुईला बारीक आरसा लावतात आणि त्यावर प्रकाशाचा किरण सोडतात. सुई केसभर वळली तरी किरणाचा ठिपका दूरवर सरकतो.

एवढं नाजूक काम चाललेलं असताना मुंबईत विजेवरच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. विजेचा प्रवाह म्हणजे चुंबकत्व आलंच. ट्रामच्या रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विजेने कुलाब्याच्या सुया दिवसभर थरथरत राहिल्या असत्या. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. या पदावरचे ते पहिले भारतीय. त्यांनी सुमारे ३० किलोमीटरवरच्या अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे वेधशाळेच्या इमारती उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात लोहखनिजाचे कण असतात आणि तेही सुईला ओढतात, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. कड्या-कोयंड्यांपासून सगळीकडे लोखंड टाळलं. विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर धावली ती १९०७ मध्ये. त्याआधीच सुया सुखरूप जागी पोचल्या होत्या.

या हकिकतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. नव्या जागेचे आकडे जुन्या जागेच्या आकड्यांशी ताडून पाहिले, म्हणजे साठ वर्षांच्या नोंदींचा धागा तुटायला नको. त्यामुळे १८४६ पासूनची ती मालिका अलिबागमध्ये आजही पुढे चालू आहे. जगात एवढ्या दीर्घ नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत.

चुंबकीय वेधशाळेत सुई वाचायला आत जाणारा माणूस दाराशी थांबतो. खिशातल्या किल्ल्या काढतो. घड्याळ, लोखंडी बक्कल असलेला पट्टा, पेन, मोबाइल, सगळं बाहेर ठेवतो. मग आत जातो, शांतपणे वाचन घेतो, आकडा लिहितो आणि बाहेर येऊन किल्ल्या पुन्हा खिशात टाकतो. त्या किल्ल्यांनीच त्याला संध्याकाळी घराचं दार उघडायचं असतं. त्या वाईट नाहीत, टाकून द्यायच्याही नाहीत. वाचन घेईपर्यंत त्या बाहेर राहाव्यात, एवढीच अट.

आज सकाळी माझ्या मनात घोळतंय ते हे दाराशी थांबणं. आपणही दिवसातून अनेकदा कुणाचं तरी ऐकायला जातो. मुलगी शाळेतून येते आणि दप्तर खाली ठेवता ठेवता म्हणते, “आई, आज बाईंनी मला उभं केलं.” आईच्या खिशात त्या वेळी दुपारची मीटिंग असते, गॅसवरचं दूध असतं, मागच्या महिन्यातल्या पालकसभेची आठवण असते. मुलीचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईची सुई वळलेली असते. “तूच बोलली असशील मध्ये!” आई प्रेमळच असते, मुलगीही खरंच सांगत असते. जवळचं लोखंड तेवढं बाहेर ठेवायचं राहिलेलं असतं. गावाहून दादाचा फोन येतो, “जरा बोलायचं होतं,” आणि आपण मनात लगेच जमिनीच्या वादाला पोचतो. दादाला कदाचित वहिनीच्या तपासणीबद्दल सांगायचं असतं. बाबा गुडघा दुखतो म्हणतात, आणि आपल्या डोक्यात डॉक्टरकडे जायला न मिळालेली रजा असते.

अशा वेळी आपण स्वतःवर फार कठोर होतो. मनातली काळजी, राग, घाई हे सगळं नाहीसं झालं पाहिजे, तरच आपण नीट ऐकू शकू, असं वाटतं. मग ते जमत नाही आणि आपण हताश होतो. इथे चुंबकाचा एक नियम मला मोठा दिलासा देतो. लहान चुंबकापासून आपण जसजसे लांब जातो, तसतसा त्याचा जोर नुसता कमी होत नाही, फार झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा होईल असं वाटतं, पण तो होतो आठवा हिस्सा. तिप्पट अंतरावर सत्ताविसावा. चुंबक सुईपासून एका वितीवर असेल आणि तो चार वितींवर ठेवला, तर त्याचा प्रभाव चौसष्टावा भागच उरतो. चुंबक तोच आहे, त्याची शक्ती रतीभरही कमी झालेली नाही. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो पडलेला आहे. आणि सुई मात्र उत्तरेकडे परतलेली आहे.

माणसाच्या मनाला असं सूत्र लावता येत नाही, हे खरं. पण थोड्या अंतराने किती फरक पडतो, याचा अनुभव आपल्या सगळ्यांच्या गाठीला आहे. कामावरून परतताना बसमधून उतरून घरापर्यंतचं चालणं. जिना चढताना मधल्या टप्प्यावर दोन क्षण थांबणं. पाण्याचा पेला भरून, खाली बसून, सावकाश पिणं. डोक्यात फिरणारी गोष्ट कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी मिसळणाच्या डब्याखाली ठेवणं, रात्री बघू म्हणून. यातल्या कशानेही काळजी मिटत नाही. हप्ता भरायचा तो भरायचाच असतो, साहेबांना उत्तर द्यायचं ते द्यायचंच असतं. काळजी फक्त वीतभराऐवजी हातभर अंतरावर जाते. तेवढ्यात मुलीचं वाक्य पुरं ऐकू येतं. “उभं केलं, आणि मग सगळ्यांना माझी वही दाखवली. चांगली आहे म्हणून.”

जवळचा गोंधळ दूर ठेवण्याने काय मिळतं, याचं एक मोठं उदाहरण कुलाब्यातच घडलं. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग पाहत होते. अचानक त्यांना तिथे लख्ख पांढरा प्रकाश उसळलेला दिसला. जेमतेम अठरा तासांत सूर्याकडून निघालेलं वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवांकडे दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही दिसला. मुंबईत त्या वेळी दिवस होता. आकाशात काही दिसण्यासारखं नव्हतं, रस्त्यावर कुणाला काही जाणवलं नाही. पण कुलाब्याच्या लोखंडरहित खोलीत सुया वाचणाऱ्यांना त्या विलक्षण सरकलेल्या दिसल्या. रोजचा चढउतार साधारण शंभर नॅनोटेस्लांच्या आत असतो. त्या दिवशी घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्लांची होती. वाचणाऱ्यांनी ती नेमाने लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या कामाला लागले.

ते कागद जपून राहिले. अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्स लाखिना यांनी इतर सहकाऱ्यांसह त्यांचा अभ्यास केला आणि २००३ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्या वादळाचा जोर किती होता, हे सांगताना आज जगभरचे शास्त्रज्ञ मुंबईच्या या आकड्यांचा आधार घेतात. उपग्रह, वीजवाहिन्या आणि विमानं यांना असं वादळ पुन्हा आलं तर काय होईल, याचा विचार करताना ते आकडे लागतात. ज्याने ते लिहिले त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्या दिवशीही तो दाराशी थांबला असेल, खिसे रिकामे करून आत गेला असेल, आणि जे दिसलं ते त्याने लिहिलं होतं. इतके दिवस सुई किंचितच हलते हे नीट टिपलेलं होतं, म्हणून ती खूप हलली तेव्हा ते खूप आहे हे कळलं. घरातही असंच घडतं. जो रोजच्या लहानसहान गप्पा मन लावून ऐकतो, त्याला एखाद्या दिवशी “काही नाही, असंच” या उत्तरातला वेगळा सूर लगेच कळतो.

आता एक अवघड भाग राहतो. काही लोखंड दाराबाहेर ठेवता येत नाही. जहाजाचंच पाहा. मॅथ्यू फ्लिंडर्स हे इंग्रज दर्यावर्दी १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे नकाशे करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की जहाजाचं तोंड ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे होकायंत्राची चूक बदलते. त्यांचं जहाज लाकडी होतं, पण त्यावर लोखंडी सामान, तोफा होत्या. पुढे सबंध जहाजंच लोखंडाची होऊ लागली, तेव्हा प्रश्न फारच वाढला. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. गोदीत जहाज महिनोन् महिने एकाच दिशेला तोंड करून उभं असतं. त्यावर रात्रंदिवस घणाचे घाव पडत असतात. प्रत्येक घावाबरोबर लोखंडातले ते सूक्ष्म भाग हलतात आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने थोडे थोडे जुळतात. जहाज पाण्यात उतरतं तेव्हा बांधणीच्या काळातली ती दिशा त्याच्या अंगात मुरलेली असते. पुढे ते कुठल्याही समुद्रात गेलं तरी ती ओढ त्याच्याबरोबर असते.

हे वाचलं तेव्हा मला माणसंच आठवली. कुणी लहानपणी फार ओढाताण पाहिलेली असते, तो आजही पैशाचं नाव निघालं की आक्रसतो. कुणाला घरात सतत कुणाशी तरी तोलून बघितलेलं असतं, तिला आजही साधी सूचना टोमण्यासारखी लागते. ज्या दिशेला तोंड करून घाव सोसले, ती दिशा अंगात राहते. हे लोखंड खिशातलं नाही, बांध्यातलंच आहे. ते काढून ठेवा असं कुणी सांगू नये, आणि सांगितलं तरी ते होणारं नाही.

दर्यावर्दी लोकांनी यावर काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. जहाज बंदराजवळ सावकाश गोल फिरवतात. प्रत्येक दिशेला तोंड असताना होकायंत्र काय सांगतं आणि खरी दिशा कोणती, हे ताडून पाहतात. जवळ लहान चुंबक आणि लोखंडाचे तुकडे मापाने ठेवून जमेल तेवढी चूक कमी करतात. जी उरते तिचा तक्ता तयार करून होकायंत्रापाशी ठेवतात. तोंड पूर्वेला असताना सुई एवढे अंश उजवीकडे जाते, दक्षिणेला असताना एवढे डावीकडे. मग तांडेल निर्धास्त असतो. सुई चुकते, पण किती आणि कुठल्या बाजूला हे त्याला ठाऊक असतं, आणि तेवढ्या माहितीवर तो जहाज सुखरूप बंदराला लावतो. मोबाइलमधलं होकायंत्र कधीकधी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतं, तेही हेच काम आहे. आपल्याच पोटातला चुंबक आपल्याला कुठे ओढतो, हे तो फोन त्या फिरण्यातून शिकून घेतो.

आपलाही असा एक तक्ता असू शकतो. भूक लागली की माझा आवाज चढतो. रविवारी रात्री मला सगळंच अवघड वाटतं. धाकट्याने विचारलं तर मी समजावून सांगते, थोरल्याने विचारलं तर रागावते. अमुक माणसाचं नाव निघालं की मी पुढचं ऐकत नाही. अशा चार-पाच ओळी पुरतात. त्या लिहिण्यात स्वतःला बोल लावणं नाही. रविवारी रात्री मोठा निर्णय घ्यायचा नाही, थोरल्याशी बोलताना अर्धा श्वास जास्त घ्यायचा, जेवणाआधी पैशाचा विषय काढायचा नाही, एवढी साधी सोय त्यातून होते. आणि हा तक्ता एकदा करून कायमचा भिंतीवर लावायचा नसतो. जहाजाची मोठी दुरुस्ती झाली किंवा ते बरेच दिवस एकाच जागी पडून राहिलं, की तो नव्याने करतात. आपल्या तक्त्यातलीही एखादी ओळ काही वर्षांनी खोडावी लागते. तो दिवस आनंदाचा.

फक्त एक गोष्ट लागते. जहाजाला आपली चूक आतल्या आत बसून कळत नाही. त्यासाठी किनाऱ्यावरचं एखादं ठाऊक ठिकाण समोर हवं, दीपगृह किंवा टेकडीवरचं देऊळ, ज्याची खरी दिशा नकाशावर पक्की आहे. आपल्यासाठी ते काम घरातली माणसं करू शकतात. आज डबा भरताना किंवा संध्याकाळी भाजी निवडताना जवळच्या कुणाला तरी मोकळेपणाने विचारून बघा, “मी कधी नीट ऐकत नाही गं?” किंवा, “अहो, माझा पारा नेमका कशाने चढतो?” ते थोडं हसतील. मग सांगतील, आणि बहुधा त्यांना आठवावंही लागणार नाही. विचारण्याआधी हातातलं काम आणि मोबाइल जरा पलीकडे सरकवून ठेवा.